कुत्रा नसलेली पेटी

चावीचा ग्रामोफोन समोर आला की आपल्याकडचा जुना माणूस आधी कुत्रा शोधतो. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो पांढरा कुत्रा झाकणात दिसला की माल ओरिजिनल, नाही दिसला की डुप्लिकेट. जळगावच्या सराफ बाजारात कस लावल्याशिवाय कोणी सोन्याचा भाव बोलत नाही. ग्रामोफोनच्या बाबतीत मात्र आपण नुसता शिक्का पाहून मोकळे होतो. त्यामुळे दिवाणखान्यात मिरवणारे पितळी कर्ण्याचे कितीतरी कुत्राछाप ग्रामोफोन चक्क बनावट निघतात आणि कुत्रा नाही म्हणून माळ्यावर गेलेल्या काही पेट्या चांगल्या नावाजलेल्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या असतात.

अशी एक पेटी धुळ्याला एका घरी पाहायला मिळाली. बंद केली तर लहानशी सुटकेस, वर निळसर कापडी आवरण, कोपऱ्यांना निकेलच्या टोप्या. आत तबकडी ठेवायची गोल चकती, वाकडी नळी, तिच्या टोकाला साऊंडबॉक्स आणि बाजूला अडकवलेली चावी. ठेवणीवरून कोणीही कुत्राछाप एचएमव्ही म्हणेल. पण आतल्या धातूच्या पट्टीवरची अक्षरे रशियन होती. घरातल्या काकांची नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात झाली. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या त्या गावात रशियन अभियंत्यांची बिऱ्हाडे होती, त्यांतले एक मायदेशी परतताना ही पेटी ठेवून गेले, असे काका सांगतात. ती दुरुस्त करून देणारा कारागीरही त्या दिवशी तिथे होता. शिवणयंत्रे आणि घड्याळे दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले. त्याने चावी दिली, पिन बदलली आणि माझ्या तोंडावरचा प्रश्न ओळखून म्हणाला, "हाई कुत्रावालं नही शे, भाऊ. पन वाजस झकास."

वाजत होती खरीच. तेव्हापासून या नकलेच्या वंशावळीचा नाद लागला.

मूळ पुरुष कोण, याबद्दल फारसा वाद नाही. एचएमव्ही छापाच्या ग्रामोफोन कंपनीने १९३१ साली '१०२' हे पोर्टेबल मॉडेल बाजारात आणले. कर्णा पेटीच्या पोटात घडी घालून बसवलेला, तबकड्या ठेवायला जागा, गाणे संपले की आपोआप लागणारा ब्रेक, आणि साऊंडबॉक्समध्ये जुन्या अभ्रकाच्या पडद्याऐवजी ॲल्युमिनियमचा पडदा. विजेशिवाय चालणाऱ्या यंत्राकडून एवढा स्वच्छ आवाज काढणे सोपे नव्हते. हे मॉडेल पाव शतकाहून जास्त काळ बनत राहिले आणि जगभरच्या कारखानदारांनी ते समोर ठेवून आपापल्या पेट्या घडवल्या.

सोव्हिएत संघात या पेटीला पातेफोन म्हणत. नाव फ्रान्सच्या पाथे कंपनीवरून आलेले. गंमत अशी की पाथेच्या जुन्या तबकड्यांत सुई वर-खाली हलायची आणि रशियन पातेफोन मात्र आपल्यासारख्याच आडव्या हलणाऱ्या खोबणीच्या तबकड्या वाजवायचा. १९३० च्या दशकात मॉस्कोजवळच्या कोलोम्ना गावात आणि व्लादिमीर शहरात पातेफोनचे कारखाने उभे राहिले. कोलोम्नाची 'पीटी-३' ही पेटी संग्राहकांत सर्वांत ओळखीची. ती एचएमव्ही १०२ च्या इतक्या जवळ जाते की दोन्ही शेजारी ठेवल्या तर लांबून कोणती कुठली ते सांगता येत नाही.

स्टालिनच्या काळात पातेफोन ही नुसती करमणुकीची वस्तू राहिली नव्हती. अलेक्सेई स्ताखानोव या खाणकामगाराने ऑगस्ट १९३५ मध्ये एका पाळीत १०२ टन कोळसा काढला आणि त्याच्या नावाने उत्पादनवाढीची देशव्यापी मोहीम निघाली. ठरलेल्यापेक्षा जास्त काम करणाऱ्या कामगाराला बक्षीस काय द्यायचे? सायकल, घड्याळ, नाही तर पातेफोन. (१०२ टन कोळसा आणि १०२ नंबरचा ग्रामोफोन, हा निव्वळ योगायोग, पण संग्राहक मंडळींना असले योगायोग पुरतात.) ज्या राजवटीत खासगी मालमत्तेकडे संशयाने पाहिले जाई, तिथे इंग्रजी पेटीची हुबेहूब प्रत घरी येणे हा सरकारी सन्मान ठरला होता.

युद्धानंतर या यादीत आणखी एक कारखाना आला, व्यात्स्किये पोल्यानी या गावातला 'मोलोत'. त्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. महायुद्धात तिथे लाल सेनेच्या 'पेपेशा' सबमशीनगन बनत. शांतता झाल्यावर त्याच कारखान्यातून पातेफोन बाहेर पडू लागले. पुढे १९५७ मध्ये तिथेच 'व्यात्का' नावाची स्कूटर तयार झाली. ही व्यात्का म्हणजे इटलीच्या वेस्पाची नक्कल, परवान्याची भानगडच नाही. आपल्याकडे बजाजने वेस्पा बनवली ती पियाजियो कंपनीचा रीतसर परवाना घेऊन. १९७१ ला तो संपला आणि १९७२ ला 'चेतक' आली. व्यात्काच्या कारखान्याने इटलीला काही विचारले नाही, पण पुढे आपले नाव रशियन अक्षरांत ठळक लावले. नक्कल केली, फसवणूक नाही. पातेफोनचेही तसेच आहे. पट्टीवर कारखान्याचे नाव, गावाचे नाव. इंग्रजी कुत्र्याचे सोंग कुठेही आणलेले नाही. जुन्या यंत्रांच्या बाजारात मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सोव्हिएत देशात नकलेची याहून धाडसी शाखाही होती. युद्धानंतर लेनिनग्राडमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि त्याच्या साथीदारांनी घरी बनवलेल्या यंत्रावर तबकड्या कापायला सुरुवात केली. तबकडीला लागणारा माल मिळत नव्हता, म्हणून इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म आणल्या. कात्रीने गोल कापायच्या, मध्ये पेटत्या सिगारेटने भोक पाडायचे आणि त्यांवर जॅझ किंवा देशाबाहेर पडलेल्या रशियन गायकांची बंदी असलेली गाणी उतरवायची. बरगड्यांच्या चित्रावर गाणे फिरायचे. या गुप्त स्टुडिओचे नाव होते 'सोनेरी कुत्रा'. एचएमव्हीच्या कुत्र्याला दिलेली ही सलामी सरकारला आवडली नाही आणि १९५० मध्ये मंडळी तुरुंगात गेली. त्या तबकड्या पातेफोनवरच वाजायच्या, कारण घराघरांत तेच यंत्र होते.

रशियन तबकड्या गोळा करणाऱ्याला एक खूण उपयोगी पडते. लेबलावर 'गोस्त ५२८९' असे लिहिलेले असते आणि त्यापुढे आडव्या रेघेनंतर दोन आकडे. ५०, ५६, ६१, ६८ हे त्या त्या सरकारी प्रमाणकाचे वर्ष. ५६ असेल तर तबकडी १९५६ नंतरची आणि पुढचे प्रमाणक येण्याआधीची. लेबलावर 'मेलोदिया' असेल तर ती १९६४ नंतरची, कारण ही सरकारी कंपनी त्या वर्षी स्थापन झाली. त्याआधीच्या लेबलांवर बहुधा कारखान्याचे नाव मिळते. मॉस्कोजवळच्या अप्रेलेव्काचे जास्त. आणि हो, राज कपूरची गाणीही त्या देशात निघाली. 'आवारा' १९५४ मध्ये तिथे लागला आणि लोक वेडे झाले. अझरबैजानचा रशीद बेहबुदोव आपल्या सिनेमाची गाणी हिंदीतच गात असे. धुळ्याच्या त्या पेटीबरोबर अशी एखादी तबकडी मिळेल या आशेने मी खोका उलटापालटा केला. निघाल्या त्या सगळ्या मराठी आणि हिंदी, कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्याच्या छापाच्या.

इथे आपला आणि रशियाचा धागा जुळतो. युरोप-अमेरिकेत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या आसपास संपल्या. या दोन देशांत त्या आणखी दशकभर निघत राहिल्या. कारण साधे होते. गावांत वीज पोचलेली नव्हती आणि चावीवर चालणाऱ्या पेटीला एलपी चालत नाही. जगभरचे बीटल्सचे भक्त आज भारतात छापलेल्या त्यांच्या ७८ च्या तबकड्या शोधत फिरतात. १९६३ ते १९६५ च्या दरम्यान दमदमला छापलेल्या या तबकड्या इंग्लंडमध्ये कधी निघाल्याच नाहीत. इंग्लंडच्या पोरांकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि आपल्याकडे बाजाराच्या गावात चावीची पेटी.

भारतातली सुरुवात सगळ्यांना थोडीफार माहीत असते. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, गौहरजानचा आवाज मेणावर उतरला, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून परत आल्या. १९०८ ला सियालदहला कारखाना झाला आणि १९२८ ला दमदमला मोठा. तबकडीच्या मालात लाख हा कळीचा घटक आणि जगाला लाख पुरवणारा देश आपणच. आपली लाख जर्मनीला जायची आणि आपलेच गाणे होऊन परत यायची. कारखाना इथे आल्यावर तो फेरा तेवढा वाचला.

खानदेशात हे यंत्र आगगाडीने आले. मुंबई-भुसावळ मार्ग आधीपासून होताच. १९०० च्या सुमारास चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला आणि सुरतेहून नंदुरबार, अमळनेरवरून जळगावला ताप्ती व्हॅलीची गाडी येऊ लागली. म्हणजे ग्रामोफोन कंपनी हिंदुस्थानात पाय रोवत होती त्याच काळात खानदेशाला मुंबई आणि सुरत अशी दोन्ही तोंडे मिळाली. कापसाचा पैसा हाती आलेल्या घरात पेटी यायची, आणि ज्याच्याकडे पेटी त्याच्या ओट्यावर गल्ली जमायची. लग्नाला पेटी भाड्याने आणायची रीत तर ध्वनिक्षेपक आल्यावरही बरीच वर्षे चालली. मुंबईत स्विस मोटारी आणून इथल्या लाकडी पेट्यांत बसवायच्या आणि दुकानाचे नाव लावून विकायच्या, असाही धंदा जोरात होता. थोरेन्स आणि पैयार या स्विस कंपन्यांच्या मोटारी अशा बिनकुत्र्याच्या पेट्यांत आजही सापडतात आणि कित्येकदा एचएमव्हीपेक्षा गुमान चालतात.

त्यावर वाजत काय होते? तबकड्यांच्या त्या काळात खानदेशाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावला होते आणि महबूबखाँ यांच्याकडे त्यांचे गाण्याचे पहिले धडे तिथेच झाले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे ते उगाच नाही, आणि दर हिवाळ्यात तिथे त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही होतो. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत एकेक पद लांबवत नेणारा हा गायक तबकडीवर मात्र तीन मिनिटांत बसवावा लागला. दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढीच. काही रसिक याबद्दल तबकडीला दोष देतात. मला उलट वाटते. तीन मिनिटांच्या त्या अटीमुळे पदाचा नेमका आकार हाती राहिला, नाही तर आठवणींच्या धुक्यात आपल्याला फक्त 'काय गायचे हो ते' एवढेच ऐकू आले असते.

दुसरे नाव थाळनेरचे. शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे हे गाव फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. इथल्या शेठ हरिदास लाड यांच्या दोन मुली दीनानाथ मंगेशकरांना दिल्या. पहिली नर्मदा, ती गेल्यावर तिची धाकटी बहीण शेवंती, म्हणजे लताबाईंची आई. आजोळच्या आजीकडून ऐकलेली गुजराती लोकगीते लताबाईंना शेवटपर्यंत आठवत होती. दीनानाथांची तडफदार पदे तबकड्यांवर आहेत आणि मुलीचा आवाज पुढे तबकड्यांवरूनच देशभर गेला. 'महल' चित्रपटाच्या गाण्याची तबकडी १९४९ मध्ये निघाली तेव्हा लेबलावर गायिका म्हणून 'कामिनी' असे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते. पार्श्वगायकाला तेव्हा नाव नसे. ही तबकडी कुणाच्या घरी निघाली तर लेबल नीट पाहा. पुढच्या छापांत नाव बदलले.

तिसरे नाव मनाला लागते. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात जळगावला वारल्या. तोपर्यंत मराठी तबकड्यांचा बाजार चांगला पन्नाशीला आला होता, त्यांच्या गावाहून मुंबई एका रात्रीच्या गाडीवर होती आणि त्यांची गाणी ओव्यांच्या चालीत, जात्यावर, शेतात म्हटली जात होती. त्यांची कविता आपल्याला मिळाली ती मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून घेतली म्हणून. १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. बहिणाबाईंचा आवाज आपल्याला मिळाला नाही. कंपन्यांना खपणारे गळे हवे होते, त्यात त्यांचे काही चुकले नाही, धंदा होता. पण खानदेशात तबकड्या गोळा करणाऱ्याने हे डोक्यात ठेवावे, म्हणजे एखाद्या अनोळखी लेबलावरचे अनोळखी नाव तो बाजूला फेकणार नाही.

अहिराणीचा आवाज मात्र निराळ्या वाटेने शोधता येण्यासारखा आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले. हे बसवणे कितपत बरोबर, यावर आपल्याकडचे अभ्यासक अजून भांडतात. त्याच सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात देशातल्या निरनिराळ्या प्रांतांत बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगायला लावायची, ही पद्धत. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीने या तबकड्या इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा बोलता माणूस, त्याचा खाकरा, त्याचे थबकणे. नाटकाची पदे ऐकून कंटाळा आला तर हे ऐका.

आता बनावट मालाकडे वळतो, कारण दिवाळीत घर सजवायला म्हणून असले ग्रामोफोन घेणारे पुष्कळ असतात.

मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जो चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसतो तो बहुधा गेल्या काही दशकांत बनलेला असतो. मुरादाबाद, रुडकी या भागांतून पितळी सामान येते, नवे शिसवी खोके तयार होते आणि आत एखाद्या मोडक्या पोर्टेबलची मोटार बसवली जाते. शोकांतिका इथे आहे. एक चालण्यासारखी १०२ फोडायची आणि तिच्या मोटारीवर खोटा कर्णा उभा करायचा. परदेशी संग्राहकांनी या वस्तूला अत्यंत कुत्सित नावे ठेवली आहेत, आणि त्यांना बोल लावता येत नाही.

ओळखायचे कसे? कर्णा पाहा. खऱ्या जुन्या यंत्रांत रंगवलेल्या पत्र्याचे किंवा लाकडाचे कर्णे जास्त. आरशासारखे पितळ दिसले की सावध व्हावे. कर्णा पेटीला जोडणारे कोपर पाहा. खऱ्यात त्याची वळणे सावकाश असतात, बनावटीत नळाच्या फिटिंगसारखा काटकोन असतो. कुत्र्याचे चित्र पाहा. मूळ चित्र फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराचे, कंपनीने ते १८९९ मध्ये घेतले. ते खऱ्या पेटीवर लाकडात मुरल्यासारखे उतरवलेले असते. नव्या पितळी पट्टीवर कोरलेला, चार स्क्रूंनी ठोकलेला कुत्रा पाहिला की चावी द्यायची तसदीसुद्धा घेऊ नका. पोर्टेबल पेटी घेत असाल तर फसण्याची शक्यता कमी, कारण तिच्या नकला सजावटीसाठी बनत नाहीत. १०२ असेल तर साऊंडबॉक्सच्या पाठीवरचा '५ए' किंवा '५बी' हा ठसा वाचा. रशियन पेटीवर कारखान्याची पट्टी शाबूत आहे ना ते बघा. आणि १०२ चे भाग पातेफोनला बसतील या भरवशावर कधीही दोन पेट्या घेऊ नका. दिसायला सारखे म्हणून आटे सारखे नसतात.

तरीही मी रशियन पेटीची शिफारस करतो, विशेषतः नव्या संग्राहकाला. नावाच्या हव्यासाने एचएमव्हीचा भाव फुगतो आणि फुगलेल्या भावात बनावट माल शिरतो. पातेफोनची नक्कल कोणी करत नाही, कारण नकलेची नक्कल करून पैसा मिळत नाही. रशियातून मागवणे मात्र २०२२ पासून अवघड झाले आहे. निर्बंधांमुळे पैसे पाठवणेही कठीण. पूर्व युरोपातले विक्रेते आहेत, पण टपालखर्च पेटीच्या बरोबरीने जातो. म्हणून आधी घरात, ओळखीत, भिलाई-बोकारोला नोकरी केलेल्यांच्या माळ्यावर शोधावे.

पेटी मिळाली की दोन गोष्टी आधी करायच्या. पहिली, वेग तपासायचा. तबकडीखाली कागदाची पट्टी बाहेर डोकावेल अशी ठेवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. दहा सेकंदांत १३ फेऱ्या झाल्या म्हणजे मिनिटाला ७८. कमी-जास्त असेल तर मोटारीवरचा गव्हर्नर बघावा लागतो. पातळ स्प्रिंगच्या पट्ट्यांवर तीन वजने फिरतात, वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि चकती घासून वेग आवरला जातो. त्यातली एक पट्टी तुटली की गाणे रडायला लागते. दुसरी, चावी देताना धप्प धप्प आवाज येतो का ते ऐकायचे. येत असेल तर मुख्य स्प्रिंगवरचे ग्राफाइटचे ग्रीस वाळले आहे. स्प्रिंगची डबी स्वतः उघडू नका. आत गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटे जातात. धुळे-जळगावला शिवणयंत्रांचे, घड्याळांचे जुने कारागीर अजून आहेत. त्यांच्या हाताला ही मोटार परकी नाही.

पिन एकदा वापरून टाकायची असते. एका बाजूला एक पिन, हा नियम पूर्वी कंपन्याच छापत. साऊंडबॉक्सचे शंभर ग्रॅमच्या वरचे वजन त्या टोकावर असते, त्यामुळे बोथट पिन खोबणी खरवडून काढते. लाखेच्या तबकड्यांच्या मालात मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असे, ती पिन घासून खोबणीच्या मापाची करून घेण्यासाठीच. आणि चावीच्या पेटीवर एलपी वाजवू नका. एका वाजवण्यात तिची नांगरट होते. तबकडी पुसायला स्पिरिट वापरणारे महाभाग मी पाहिले आहेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुकी मऊ फडकी किंवा ओलसर कापड पुरे.

पण खानदेशात तबकडीचा खरा शत्रू ऊन आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात माळ्यावर त्याहून जास्त. लाखेची तबकडी अशा तापात मऊ पडते, आडव्या ढिगाच्या वजनाने वाकते आणि थंडीत तशीच कडक होते. मग वाजवताना साऊंडबॉक्स होडीसारखा वर-खाली होतो. तबकड्या उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, दाबून. कोणतीही वाकडी तबकडी हाताने सरळ करायला जाऊ नका, ती काचेसारखी फुटते. फुटलेली तबकडीसुद्धा टाकू नका. तज्ज्ञ माणूस तुकडे जुळवून एकदा तरी आवाज उतरवून घेऊ शकतो.

संग्राहकांचे जग एकलकोंडे असते असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. तिचे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. सुरेश चांदवणकर यांनी वर्षानुवर्षे सांभाळले आणि १९९१ पासून 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवले. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या प्लासनालला सनी मॅथ्यू यांनी २०१५ मध्ये स्वतःचे ग्रामोफोन संग्रहालय उघडले. तबकड्यांचा अभ्यास म्हणजे नुसती हौस नाही, हे या मंडळींनी दाखवले. लेबलाचा रंग, क्रमांक, मधल्या काळ्या पट्ट्यात कोरलेले अक्षर यांवरून ध्वनिमुद्रण कधी झाले, कोणत्या छापाचे, हे काढता येते. एकच गाणे दोनदा घेतले असेल तर तेही कळते.

खानदेशात याला जागा आहे. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागद जपते आहे. राजवाड्यांनी खेड्यापाड्यांतून, वाण्यांच्या दुकानांतून रद्दीत चाललेली दप्तरे उचलून आणली, त्या वृत्तीचा वारसा तिथे आहे. जळगावच्या विद्यापीठाला तर बहिणाबाईंचेच नाव आहे. या दोन ठिकाणी एकेक खोली आवाजासाठी मिळावी. खर्च फार नाही: एक चांगला विजेवर चालणारा टर्नटेबल, ७८ च्या खोबणीची सुई, एक संगणक आणि रोज दोन तास बसणारा एक विद्यार्थी. तबकडी पेटीवर वाजवायची ती हौसेसाठी. आवाज उतरवून घ्यायचा तो हलक्या सुईने, नाही तर प्रत्येक वाजवण्याबरोबर थोडे गाणे कमी होते. संस्था पुढे येईपर्यंत थांबायचेही कारण नाही.

दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात जास्त तबकड्या भंगारात जातात. तुमच्याकडे खोका निघाला तर तराजूवर घालण्याआधी एका वहीत प्रत्येक तबकडीची कंपनी, क्रमांक, गायकाचे नाव आणि दोन्ही बाजूंची गाणी लिहा आणि मोबाइलवर लेबलांचे फोटो काढा. अहिराणीतले, वहीगायनातले, तमाशातले काही असेल तर ते वेगळे ठेवा. त्याच्या दुसऱ्या प्रती कुठे असण्याची शक्यता फार कमी. पेटीवर कुत्रा नसला तरी ती देऊ नका. आणि काहीही ठरवले तरी येत्या मार्चच्या आत तो खोका पत्र्याखालून खाली उतरवा.